गुरुजींनी हात धरला

बोरखळी नावाच्या गावात एक भोळे मुख्याध्यापक होते. सपकाळे गुरुजी. इतके भोळे, की फळ्यावर कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं ‘पुसू नये’ त्यांनी तीन वर्षं पुसलं नव्हतं. मुलं उरलेल्या फळ्यावर शिकायची.

एकदा गावात बातमी आली, की शिक्षण खात्याचे साहेब शाळेचा पट मोजायला येणार. वीसच्या खाली मुलं दिसली तर शाळा बंद. पटावर बावीस होती, पण गुरुजींना धाकधूक लागली. नेमक्या त्याच वेळी शहरातून मृणालताई आल्या. मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, शिक्षकांना कसं घडवतात, यावर त्यांचं संशोधन होतं. त्या दर सोमवारी यायच्या.

“ताई, तुम्ही सांगाल तसं करतो,” गुरुजी म्हणाले. “पण शाळा वाचली पाहिजे.”

“मग रोज एका ठिकाणी शांत बसा. काय चाललंय ते वेळेसकट लिहा. मध्ये एक शब्द बोलू नका.”

ताईंनी वर्गाबद्दल सांगितलं होतं. गुरुजी खिचडीच्या चुलीपाशी बसले. खिचडी शिजवणारी मावशी पाण्याला गेली होती. गुरुजींनी लिहिलं, ‘११.१० धूर. ११.२० वास. ११.३० पातेलं काळं.’

मुलं उपाशी राहिली. ताईंनी कपाळावर हात मारला. “अहो गुरुजी, बिघडताना दिसलं की तिथल्या तिथे ओरडायचं!”

“बरं, ताई.”

मग आला पंधरा ऑगस्ट. सरपंच भाषणाला उभे राहिले. “एकोणीसशे त्रेचाळीस साली देश स्वतंत्र झाला...”

“चूक!” गुरुजी ओरडले.

सरपंचांनी घाम पुसला. “या शाळेचे पत्रे मी बसवले...”

“चूक!”

सरपंच जिलेबीची टोपली उचलून घरी गेले.

“चारचौघांत असं बोलतात का?” सोमवारी ताई म्हणाल्या. “आधी टाळ्या वाजवायच्या, कौतुक करायचं. सुधारणा मग सांगायची.”

“बरं, ताई.”

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शिक्षिका इंगळेबाई नकाशा लावायला स्टुलावर चढल्या आणि धाडकन खाली आल्या. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. “वा, बाई! फार छान पडलात!”

“अहो, हात द्या आधी!”

“हात टाळ्यांत गुंतलेत. पुढच्या वेळी जरा हळू पडा.”

बाईंचा पाय सुजून भोपळा झाला. पुढच्या सोमवारी ताईंनी डोळे मिटले, दहा आकडे मोजले. “गुरुजी, माणूस पडलेला दिसला की त्याला उचलायचं. हात धरून दवाखान्यात न्यायचं. डॉक्टर सांगेपर्यंत हात सोडायचा नाही. कळलं?”

“कळलं, ताई.”

बुधवारी साहेब यायचे होते. बावीसच्या बावीस मुलं हजर होती. इंगळेबाई पायरीवर पाय पसरून योगासनं घेत होत्या. गुरुजी बाहेर आले आणि दचकले. पटांगणात सगळी मुलं आडवी!

“बाई, बावीस पडली!”

“अहो, शवासन आहे ते!”

“आसन कुठलंही असो, पडली ना?”

गुरुजींनी ट्रॅक्टर बोलावला. मुलांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि ट्रॉलीत बसवलं. बाईंचा पाय सुजलेलाच होता, त्यांनाही बसवलं. ट्रॅक्टर शेजारच्या गावच्या दवाखान्याकडे निघाला. बाई वळणापर्यंत ओरडत होत्या.

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

“मुलं किती?”

“एकही नाही, साहेब,” गुरुजी अभिमानाने म्हणाले. “सगळी उचलली.”

साहेबांनी बॅगेतून शाळा बंद करायचा कागद काढला. पेन काढलं. सही करायला ते खुर्चीवर टेकले. शाळेत ती एकच खुर्ची होती, तीही तीन पायांची.

साहेब पडले.

गुरुजींनी झडप घालून त्यांचा उजवा हात धरला. त्यांना जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे बावीस मुलं पायऱ्यांवर पाढे म्हणत होती. दाराला कुलूप होतं. डॉक्टर मुलीच्या लग्नाला गेले होते. सोमवारी येणार होते.

“सोडा हो माझा हात!” साहेब अजून ओरडतात. “मुलं दिसली मला! शाळा चालू ठेवतो असं लिहून देतो, पण हात सोडा!”

“डॉक्टर येऊ द्या, साहेब,” गुरुजी म्हणतात. “मग लिहा.”