उंबऱ्यापुढचा लाल डाग

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत.

एका डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावाला एकच झरा, आणि त्याचं पाणी साठवायला एकच दगडी टाकं. टाक्याला दरवर्षी आतून चुन्याचा गिलावा द्यावा लागे. चुनखडी भाजायला भट्टी लागे आणि भट्टीला लाकूड लागे. असं करता करता सगळा डोंगर बोडका झाला. उरली फक्त देवराई.

गावच्या गवंड्याचा त्या देवराईवर फार जीव. तो पाटलांकडे गेला आणि म्हणाला, "पाटील, यंदा चुना निम्माच भाजू. उरलेल्या निम्म्याच्या जागी भाजक्या विटांचा चुरा घालू. वाळक्या काटक्यांवर भट्टी होईल. देवराईला हात लावायला नको."

"आणि टाकं गळलं तर?"

"तर पहिली कुऱ्हाड मीच चालवीन," गवंडी बोलून गेला. बोलताना माणसाला काय लागतं!

त्यानं विटा कुटल्या आणि चाळल्या. चाळणीत राहिलेले जाड दाणे गिलाव्याला घेतले. खाली पडलेली पिठासारखी पूड गवंडीण आणि तिच्या शेजारणी लाल रांगोळीसाठी घेऊन गेल्या. त्या गावाची तशी रीतच होती.

"न्या, न्या," गवंडी हसून म्हणाला. "त्या फुफाट्यात कसला आलाय दम! दम असतो दाण्यात."

दसऱ्याला गिलावा झाला आणि दिवाळीला टाकं पाझरू लागलं. बाहेरच्या भिंतीवर ओल आली, मग ओघळ आले. पाटील भले होते, पण त्यांनाही गावाची तहान दिसत होती.

"होळीपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मग देवराई तोडायची आणि भट्टी पेटवायची. तू शब्द दिला आहेस, विसरू नकोस."

गवंड्याची झोप उडाली. जेवताना घास हातात राहू लागला. डोळ्यांपुढे सारखी ती कुऱ्हाड यायची.

एके दिवशी तो असाच ओट्यावर बसला होता. समोर गवंडीण उंबऱ्यापुढची फरशी घासत होती आणि घासताना त्याचाच उद्धार करत होती.

"दिवाळीत माझ्या रांगोळीवर चुन्याची बादली कोणी सांडली? तुम्हीच ना? तेव्हापासून घासतेय. राखेनं घासलं, नारळाच्या शेंडीनं घासलं, आता विळा घेतलाय. विळ्याची धार गेली, पण हा मेला डाग जाईना!"

गवंडी दचकला. "जाईना? अगं, रोज सडा घालतेस, तरीसुद्धा?"

"पाण्यानं तर आणखीच घट्ट झालाय!"

गवंडी ओट्यावरून उतरला आणि चक्क पालथा पडून डाग बघू लागला. येणारेजाणारे हसले. गवंड्याला त्याचं भान नव्हतं. त्यानं छिन्नीनं डागाचा एक टवका काढला, टाक्याच्या गिलाव्याचाही एक टवका आणला, आणि दोन्ही घेऊन बैलाकडे गेला. हा बैल चुन्याच्या घाणीला जुंपलेला असे. दगडी चाक गोल गोल ओढून चुना मळायचा, हे त्याचं काम.

गवंड्यानं टाक्याचा टवका फोडला. विटेचा एकेक दाणा सुटा होऊन हातात आला. दाणा फोडला, तर आत कोरी करकरीत वीट. चुना त्याला वरून जेमतेम चिकटला होता, आत शिरलाच नव्हता. मग त्यानं डागाचा टवका फोडला. त्यात वीट कुठली आणि चुना कुठला, हे सांगता येईना.

"दोन्हींत चुना तोच, वीटही तीच," तो पुटपुटला. "मग असं का?"

बैल रवंथ थांबवून म्हणाला, "तू दुधात अख्खी भाकरी टाकून खातोस की कुस्करून?"

"कुस्करून. अख्खी भाकरी वरवर भिजते आणि आत कोरडीच..." गवंडी बोलता बोलता थांबला.

"झालं!" बैल म्हणाला. "म्हणजे आता विटा दळायला मलाच फिरावं लागणार. मी बोललोच कशाला!"

"दुपारी तू कोणाच्या सावलीत बसतोस?"

बैलानं देवराईकडे पाहिलं आणि मान जुवाखाली दिली.

गवंड्यानं आधी दोन गोळे केले, एक जाड चुऱ्याचा आणि एक पुडीचा. थोडे दिवस ओलसर ठेवून दोन्ही पाण्यात सोडले. जाड चुऱ्याचा गोळा सुटा होऊन तळाशी बसला. पुडीचा गोळा त्यानं दगडावर आपटला, तरी फुटला नाही.

मग बैल फिरला, खूप फिरला. शेजारणींनी डब्यांतली लाल रांगोळी आणून ओतली. टाकं रिकामं करून नवा गिलावा दिला, त्यावर ओली गोणपाटं टाकली, आणि गवंडी रोज त्यांवर पाणी शिंपडत राहिला.

होळीला पाटील माणसं घेऊन आले. त्यांनी कुऱ्हाड गवंड्याच्या हातात दिली. गवंडी त्यांना टाक्याकडे घेऊन गेला. टाकं काठोकाठ भरलं होतं. पाटलांनी बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवला. हाताला धूळ लागली, कोरडी धूळ.

"यात नवीन काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तेवढाच चुना आणि त्याच विटा."

"मग?"

"दाण्याची गुर्मी मोडली, पाटील. विटेची आणि माझीही."

पाटलांनी त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. तोडायला आलेली माणसं देवराईच्या सावलीत जाऊन बसली. बैल तिथे आधीच आडवा झाला होता.

पुढच्या दिवाळीला गावात कुठेच लाल रांगोळी नव्हती, सगळी टाक्याच्या कामाला गेली होती. एका दारात तेवढा लाल डाग होता. गवंडिणीनं तो घासणं कधीच सोडलं होतं. तिनं त्याच्याभोवती पांढऱ्या रांगोळीची वेल काढली आणि शेजारी पणती ठेवली.

बोध असा: जो आपलं मोठेपण सोडून दुसऱ्यात मिसळतो, तोच सगळ्यांना घट्ट धरून ठेवतो.