तिकीट काढून येऊ

कोल्हापूरकडच्या एका गावात आठ तालमींचे फुटबॉल संघ होते आणि त्यांची एक लीग होती. वेशीतल्या तालमीचा संघ शकील बागवान केळी विकून चालवायचा. त्यानं अनवाणी खेळवून घडवलेले चार खेळाडू लीगचे अध्यक्ष रणधीरराव मोरबाळे यांनी पैसे फेकून आपल्या संघात नेले होते. तेव्हापासून शकीलचं डोकं तापलेलंच होतं.

हंगामाच्या बैठकीत अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवत नवा नियम वाचला. "यंदा प्रवेश फी दहा हजार नाही, दोन लाख. लोक तिकीट काढतात ते माझे अकरा जण बघायला. तुमच्या भिकार संघांना बघायला कुत्रं येत नाही! झेपत नसेल त्यानं घरी बसावं." आणि आपल्या संघाचा चेक त्यांनी टेबलावर आपटला.

शकील ताडकन उठला. "कुणाला झेपतंय का रे दोन लाख?"

एकही हात वर झाला नाही.

"मग मंजूर, सायेब! पण घरी कशाला बसायचं? आम्ही सातही तालमी तिकीट काढून येतो, पयल्या रांगेत बसतो. तुमचे अकरा जण उतरू द्या मैदानात. ते कुणासंगं खेळत्यात, तेवढंच बघायचंय!"

अख्खी खोली खदखदून हसली. अध्यक्षांनी चेक खिशात घातला आणि नियमाच्या कागदावरच्या दोन लाखांवर काट मारली.

शकील मात्र उभाच होता. "फी खोडलीसा. आता 'भिकार' म्हणालासा, ते बी माघारी घ्या. त्याबिगर बॉल हलायचा न्हाई."