पावशा, काय पेरू?

खूप जुनी गोष्ट, बरं का. पाखरं माणसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, त्या काळातली.

डोंगराखालच्या एका गावात राघोजी नावाचा शेतकरी होता. कष्टाळू, मायाळू, पण त्याला एक खोड होती. तो गेल्या सालच्या पावसासाठी यंदा पेरायचा! गेल्या साली धो धो पडला म्हणून सगळ्या रानात भात लावला, तर पावसानं दडी मारली. म्हणून पुढल्या साली सगळी बाजरी पेरली, तर ऐन फुलोऱ्यात झड लागली. दोन्ही वेळा बिचारा हात चोळत बसला. आता घरात शेवटचं बियाणं उरलं होतं. तेही वाया गेलं, तर पोराबाळांना घेऊन गाव सोडावं लागणार होतं.

मृगाच्या तोंडावर पावशा पक्षी ओरडू लागला, "पेरते व्हा! पेरते व्हा!"

राघोजी झाडाखाली जाऊन म्हणाला, "पेरतो रे बाबा. पण काय पेरू?"

"ते मला कुठं ठाऊक?" पावशा म्हणाला.

"मग पाऊस किती पडेल, ते तरी सांग."

"तेही ठाऊक नाही. तुला आहे?"

राघोजीला आधी राग आला, मग रडूच आलं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "तानू, मला पाऊस कळत नाही गं."

"अहो, मग इतकी वर्षं कळत असल्यासारखं का पेरत होतात?" तानूबाई मायेनं हसली. तिनं थोडं बियाणं शेजारीपाजारी बदलून आणलं. मग दोघांनी खोलगट तुकड्यात भात पेरला, माळावर बाजरी, तिच्या ओळींमध्ये तूर आणि खडकाळ कडेला हुलगे.

"राघोजी, रान पेरलंस की गोधडी शिवलीस?" शेजारचा म्हादू खो खो हसला. त्यानं सगळा भातच लावला होता.

त्या साली पावसानं सगळ्यांचीच थट्टा मांडली. आधी महिनाभर फिरकला नाही, भात करपला. मग असा कोसळला, की बाजरी काळी पडली. तूर आणि हुलगे मात्र तगले.

हिवाळाभर राघोजीच्या घरी हुलग्याचं माडगं शिजत होतं. पोरं नाकं मुरडायची, पण वाट्या चाटूनपुसून रिकाम्या करायची. कुणालाही गाव सोडावं लागलं नाही.

एके दिवशी म्हादू रिकामी टोपली घेऊन मान खाली घालून आला. राघोजीनं ती हुलग्यांनी काठोकाठ भरली.

"खरं सांग गड्या," म्हादूनं विचारलं, "पाऊस असा येणार, हे तुला कसं कळलं?"

"कळलं नाही रे," राघोजी म्हणाला, "म्हणूनच तर वाचलो."

तात्पर्य: उद्याचा पाऊस ज्याला कळत नाही, त्यानं सगळं बियाणं एकाच आशेवर पेरू नये.