भोपळ्याच्या फुलातली परी

जिथं तंबोरे जन्माला येतात अशा एका गल्लीत मेहरू नावाची एक चिमुरडी राहायची. घरात अठराविश्वे दारिद्र्य, आई नव्हती, पण पोर कशी, अगदी गुणाची! तिचे अब्बा तंबोरे करायचे. तारेखालच्या लाकडी घोडीवर सुताचा बारीकसा धागा ते केसभर सरकवायचे, की तार अशी गोड गुंजायची, परसातली फुलपाखरंसुद्धा थबकावीत. त्या गुंजण्याला म्हणायचं जवारी. ती कानानंच लावायची असते, आणि त्या वर्षी तापात अब्बांचे कानच गेले बघा.

गिऱ्हाईकं एकेक करून समोरच्या दस्तगीरचाचांकडे वळली. अब्बांकडे एकच तंबोरा उरला. गाणाऱ्या एक बाई सकाळी तो न्यायला येणार होत्या. तंबोरा मुका निघाला तर हत्यारं विकून वीटभट्टीवर जाईन, असं अब्बा म्हणाले.

तिन्हीसांजेला मेहरू परसातल्या भोपळ्याच्या मांडवाखाली जाऊन बसली. वेलीवरची पांढरीशुभ्र फुलं नुकती उमलत होती. त्यातल्या एका फुलातून इवलीशी परी खाली उतरली. पोपटी पंख, चंदेरी ओढणी, पायांत दवाचे पैंजण! सुकत्या वेलीला रोज ओंजळीनं पाणी घालणारी पोर हीच, हे तिला चांगलं ठाऊक होतं. एक इच्छा माग, ती म्हणाली. पण पऱ्यांचा एक नियम असतो. जे द्यायचं, ते त्याच गल्लीतल्या कुणाचं तरी घेऊन द्यायचं.

मेहरूनं अब्बांसाठी कान मागितले.

"देते की. दस्तगीरचाचांचे घेऊ?"

घे म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू? पण चाचा काम करताना किती छान गुणगुणतात, ते तिला आठवलं.

"नको. माझे घे."

"मग अब्बांची हाकसुद्धा तुला कधी ऐकू यायची नाही, बाळ."

मेहरूचे डोळे डबडबले. "चालेल. त्यांना तार ऐकू येऊ दे."

परीला गहिवरून आलं. "वेडे, मी तरी कुठं परगावची? याच गल्लीतल्या वेलीवर जन्मले मी."

तिनं आपल्या चिमुकल्या कानांवर हात ठेवले. ओंजळीत सोनेरी उजेड साठला, तो तिनं खिडकीतून अब्बांकडे हळूच फुंकला. सारा मांडव लखलखला, आणि त्या झगमगाटात परी विरून गेली.

अब्बांना तार ऐकू आली, त्यांनी रात्रीतच जवारी लावली, आणि सकाळी बाई खुशीत तंबोरा घेऊन गेल्या. मेहरूनं सगळी हकीकत सांगितली, तेव्हा अब्बा तिला पोटाशी धरून खूप रडले. मग त्यांनी नवा तंबोरा करायला घेतला. तारा चढल्यावर तिला शेजारी बसवून सुताचा धागा तिच्या बोटांत दिला.

"सरकव बेटा. अगदी हळू."

कितीतरी दिवस तार नुसती खरखरत राहिली. आणि एका दुपारी गुंजली! समोर दस्तगीरचाचांचे हात थांबले. मेहरूला जवारी आली होती, आणि अब्बांची काही कणभरही कमी झाली नव्हती.