टेकाडावरचा मामा

बोरखडीच्या पांदणीने वर आलात की आधी तारेचं कुंपण लागतं, मग सरकारची निळी पाटी. टेकाडाला आणि त्याच्याभोवती गोल मांडलेल्या धोंड्यांना हात लावायचा नाही, असं तिच्यावर बजावलंय. हजारो वर्षांपूर्वीची माणसं इथे पुरलीत, असं जाणकार म्हणतात, आणि ते खरंच असेल. पण पूर्वेकडचा तो धोंडा बघा. बाकीचे सगळे ताठ उभे आणि हा एकटाच गावाकडे वाकलेला. तो का वाकला ते पाटीवर नाही. ते गावात सांगतात.

फार जुनी गोष्ट. गावात सायत्रा नावाची पोर होती म्हणे. आईबाप पटकीत गेले, आईकडचंही कोणी उरलं नाही. चुलती कोंडाबाईने तिला वाढवलं. पोर दिवसभर टेकाडावर शेळ्या राखायची, आणि दुपारी भाकर सोडली की पहिला तुकडा या धोंड्यापुढे ठेवायची. "मामा, जेवून घ्या." बाकीच्या पोरींना मामा होते, हिने आपला करून घेतला. गाव हसायचं. मग एका उन्हाळ्यात गावाने विहीर बांधायला काढली आणि माणसं पहारी घेऊन हे धोंडे न्यायला आली. सायत्रा मामाला मिठी मारून बसली ती उठेचना. समजावून झालं, दटावून झालं. शेवटी माणसं कंटाळली आणि त्यांनी नदीतून दगड आणले.

पोर लग्नाची झाली. पलीकडच्या गावच्या गोमाजीच्या मुलाने तिला बाजारात पाहिलं, आणि मग त्याला दुसरी नकोच होती. सायत्राचाही जीव त्याच्यावर जडला होता. पण गोमाजी पडला रीतीभातीचा माणूस. त्याने साफ सांगितलं, "अंतरपाट धरला की मुलीच्या पाठीशी मामा उभा पाहिजे. नसेल तर वरात माघारी जाईल."

कोंडाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सायत्रा म्हणाली, "मामा आहे मला. मी सांगून येते." ती टेकाडावर गेली, धोंड्यापुढे अक्षता ठेवल्या, आणि तिथे मात्र तिला रडू फुटलं. "मामा, आजवर काही मागितलं नाही. एवढ्या वेळी या."

गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड बसलं, अंतरपाट धरला, आणि सायत्राच्या मागची जागा रिकामीच. गोमाजी उठला, बैल जुंपा म्हणाला. नवरा मुलगा खाली मान घालून उभा राहिला. सायत्राने पाटावरून पाय काढला नाही, ती टेकाडाकडे बघत राहिली.

तेवढ्यात त्या बाजूने टापा ऐकू आल्या. मांडवाच्या दारात घोडा येऊन थांबला. त्याच्या कपाळावर तांब्याचा पत्रा मावळत्या उन्हात झळकत होता. वरून एक उंचापुरा म्हातारा उतरला, अंगावर माती, गळ्यात तांबड्या मण्यांची माळ.

"उशीर झाला," तो म्हणाला. "उठायलाच वेळ लागला."

गोमाजीने अदबीने विचारलं, "पाहुणे, गाव कोणतं आपलं?"

"हेच. तुम्ही सगळे यायच्या आधीपासून."

तो सायत्राच्या पाठीशी उभा राहिला. शेवटची अक्षता टाकताना तो खाली वाकला आणि गळ्यातली माळ काढून त्याने भाचीच्या गळ्यात घातली. सायत्रा हसत होती आणि डोळेही पुसत होती. मग मामा जेवायला बसला. किती युगांची भूक होती कोण जाणे, आचाऱ्यांनी विझवलेल्या चुली पुन्हा पेटवल्या म्हणे, आणि वाढायला, आग्रह करायला खुद्द गोमाजी.

सकाळी पाठवणी झाली. मामा शिवेपर्यंत सोबत गेला आणि तिथून माघारी वळला. कोंडाबाई मागोमाग धावली, निदान नाव तरी विचारावं म्हणून. टापांचे ठसे धोंड्यांच्या गोलात गेलेले दिसले, बाहेर आलेले दिसले नाहीत. आणि काल सरळ उभा असलेला पूर्वेचा धोंडा गावाकडे वाकला होता. त्याला हळदीच्या अक्षता चिकटल्या होत्या.

तेव्हापासून इथला खडासुद्धा कोणी हलवला नाही. पाटी आली ती आत्ता.

आजही गावात लग्न निघालं की पहिल्या अक्षता टेकाडाला. चौकीदार फाटक उघडून देतो, दगडाला हळद लावू नका एवढंच बजावतो. सोयरीक जमवताना कोणी मामाची चौकशी केलीच, तर पोरी इकडे बोट दाखवतात. बोरखडीत आजही बिनमामाची पोर नाही.