कुंभारीणबाईचं घर फुटलं

कुंभारीणबाई म्हणजे एक माशी. कंबर दोऱ्याएवढी. मातीचे गोळे आणायची. आपलं घर आपण बांधायची.

तिनं एक भिंत बघितली. भिंतीवर घर बांधलं. गोल गोल, मडक्यासारखं.

पण ती भिंत नव्हतीच. ते दार होतं!

भिवा गवंडी आणि त्याची बायको हौसाबाई नवं घर बांधत होते. त्यांनी नवं दार झाडाला टेकवून ठेवलं होतं.

वारा आला. सूं सूं सूं. दार पडलं. धाडकन! कुंभारीणबाईचं घर फुटलं. फट्!

आज तिला अंडं घालायचं होतं. अंड्यातून बाळ येणार. बाळाला घर नको?

कुंभारीणबाई रडली नाही. उडाली. गूंई गूंई, गूंई गूंई.

ती मातीकडे गेली.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, एवढी घाई कसली?"

"दार पडलं, घर फुटलं.
आज अंडं घालायचंय, बाळ ठेवू कुठं?
माती माती, गोळा दे."

माती म्हणाली, "मी कोरडी. भुरभुर उडते. माझा गोळा होत नाही. पाण्याला सांग, मला भिजव."

गूंई गूंई, गूंई गूंई. ती पाण्याकडे गेली. पाणी पिंपात होतं.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, एवढी घाई कसली?"

"दार पडलं, घर फुटलं.
माती ओली होईना.
आज अंडं घालायचंय, बाळ ठेवू कुठं?
पाण्या पाण्या, बाहेर ये."

पाणी म्हणालं, "हौसाबाई मारील, तेव्हा येईन."

"अगं बाई! तुला मारते?"

"भिंतीवर मारते गं! नवी भिंत तहानलेली असते. तिच्यावर पाणी मारायचं असतं. मला गुदगुल्या होतात. जा, हौसाबाईला सांग."

गूंई गूंई, गूंई गूंई. ती हौसाबाईकडे गेली.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, एवढी घाई कसली?"

"दार पडलं, घर फुटलं.
माती ओली होईना.
पाणी बाहेर येईना.
आज अंडं घालायचंय, बाळ ठेवू कुठं?
हौसाबाई, पाणी मार."

हौसाबाई म्हणाली, "कशावर मारू? भिंत आहे कुठं? चार विटा लावल्या, आणि आमचे हे बसले. त्यांना सांग."

गूंई गूंई, गूंई गूंई. ती भिवाकडे गेली.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, एवढी घाई कसली?"

"दार पडलं, घर फुटलं.
माती ओली होईना.
पाणी बाहेर येईना.
हौसा पाणी मारीना.
आज अंडं घालायचंय, बाळ ठेवू कुठं?
भिवादादा, भिंत बांध."

भिवा म्हणाला, "माझा ओळंबा अडकला. दोरीला जड लट्टू, तो ओळंबा. तो लोंबला तर भिंत सरळ. नाहीतर वाकडी. दोडक्याच्या वेलानं त्याची दोरी धरलीय."

"मग ओढ की!"

"ओढली तर वेल तुटेल. दोडकी हौसाची. मग मला भाकरी कोण देईल? तूच जा, वेलाला सांग."

गूंई गूंई, गूंई गूंई. ती वेलाकडे गेली.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, एवढी घाई कसली?"

"दार पडलं, घर फुटलं.
माती ओली होईना.
पाणी बाहेर येईना.
हौसा पाणी मारीना.
भिवा भिंत बांधीना.
आज अंडं घालायचंय, बाळ ठेवू कुठं?
वेला वेला, दोरी सोड."

वेल म्हणाला, "सोडली तर मी पडेन. माझी काठी आडवी झालीय. आधी तिला उभी राहायला सांग."

गूंई गूंई, गूंई गूंई. ती काठीकडे गेली.

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, एवढी घाई कसली?"

"दार पडलं, घर फुटलं.
माती ओली होईना.
पाणी बाहेर येईना.
हौसा पाणी मारीना.
भिवा भिंत बांधीना.
वेल दोरी सोडीना.
आज अंडं घालायचंय, बाळ ठेवू कुठं?
काठी काठी, उभी राहा."

काठी म्हणाली, "कशी राहू? माझ्यावर शेळी बसलीय!"

कुंभारीणबाई शेळीकडे वळली. "शेळीताई, ऊठ."

"नाही उठत," शेळी म्हणाली. "माझं खाणं चाललंय. चबक चबक."

डंख मारावा का? नको. कुंभारीणबाई शेळीच्या कानात शिरली. आणि गाऊ लागली.

"दार पडलं, घर फुटलं.
माती ओली होईना.
पाणी बाहेर येईना.
हौसा पाणी मारीना.
भिवा भिंत बांधीना.
वेल दोरी सोडीना.
काठी उभी राहीना.
शेळी काही उठेना.
गूंई गूंई, गूंई गूंई, गूंईऽऽऽ!"

"आऽऽक् छी!" शेळी टुणकन उडाली.

काठी सुटली. वाफ्यात उभी राहिली. खच्च!

वेलानं काठी धरली. दोरी सोडली.

ओळंबा लोंबला. डुलला, डुलला, थांबला.

भिवानं भिंत बांधली. टक टक, टक टक. सरळ!

हौसाबाईनं पाणी मारलं. सप्! सप्!

पाणी खिदळलं. "अजून मार, अजून मार!"

पाणी भिंतीवरून खाली आलं. माती भिजली. "घे गं बाई, हवे तेवढे गोळे घे!"

कुंभारीणबाई नव्या भिंतीवर बसली. तिनं धडक मारली. हलली? नाही. पुन्हा धडक मारली. हलली? नाही.

"ही भिंतच!" ती म्हणाली.

गोळा आणला, लावला. गोळा आणला, लावला. घर झालं. गोल गोल, मडक्यासारखं.

भिवानं घराजवळ ओळंबा धरला. "कुंभारीणबाई, तुझं घर वाकडं!"

"वाकडं नाही. गोल आहे," ती म्हणाली. "तू तुझी भिंत बघ."

हौसाबाई पोट धरून हसली.

कुंभारीणबाईनं घरात अंडं घातलं. वर मातीचं झाकण लावलं. भिवानं भिंतीत नवं दार बसवलं.

आत आता बाळ झोपलंय.

दार हळू लावा.