निशाणाजवळची जागा

फार वर्षांपूर्वी एका बंदरात तीन पाणबुड्या उभ्या असत. निशाणाजवळची मानाची जागा कोणाची, यावरून त्यांची जुंपली.

"माझ्या पोटात अख्खी वाडी मावेल!" थोरली म्हणाली.

"मी तुझ्या निम्मी, पण माझा वेग बघ," मधली फणकारली.

"मी तर उथळ खाडीतही शिरते," धाकटी म्हणाली.

शेवटी त्यांनी दीपस्तंभाला विचारलं, "काका, मोठी कोण?"

"आधी समोरच्या बेटाला वळसा घालून या."

तिघी बुडी मारून गेल्या आणि परतल्या.

दीपस्तंभ म्हणाला, "डोळ्यांत तेल घालून बघत होतो. पाण्यावर साधी रेघही दिसली नाही. खरंच गेल्या होतात का, पोरींनो?"

पाणबुडीला याहून मोठी शाबासकी नसते. तिघींच्या माना ताठ झाल्या. थोरली मागे सरकत धाकटीला म्हणाली, "ये गं, निशाणाजवळ आज तू उभी राहा."